22 मिनिटांत घेतलेला राजीनामा

प्रश्न: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी 9 वर्षं 7 महिने क्वालिटी विभागात काम केलं. पद ‘असिस्टंट मॅनेजर’, बेसिक आणि डीए मिळून 26,000 रुपये. 19 दिवसांपूर्वी दुपारी साडेचारला एचआरने केबिनमध्ये बोलावलं. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितला. ऑर्डरी कमी झाल्यात, माणसं कमी करायचीत, तुम्ही राजीनामा द्या, म्हणाले. मी नाही म्हटल्यावर, ‘मग हलगर्जीपणाचं कारण दाखवून काढू, पुढे कुठेच नोकरी लागणार नाही,’ असं ऐकवलं. राजीनामा इंग्रजीत टाइप करून तयारच होता. रडत रडत सही केली. 4 वाजून 52 मिनिटांनी माझ्या खासगी मेलवर राजीनामा स्वीकारल्याचा मेलही आला. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर यजमानांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, ‘जबरदस्तीने सही घेतली’. आता कंपनी म्हणते, ‘माझं काही येणं बाकी नाही’ असं लिहून द्या, मग हिशेबाचा चेक देऊ. यजमानांचं म्हणणं, सही आपणच केली, आता कोर्टात काय सांगणार? केस आयुष्यभर चालेल. मी मॅनेजर असल्यामुळे कामगार न्यायालयात जाता येत नाही, हे खरं का? आणि दुसरी नोकरी लागली तर केस सोडावी लागते का?

उत्तर:

ताई, बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एक काम आजच करा. कंपनीच्या एचआरला आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला मेल पाठवा आणि तेच पत्र छापून, सही करून स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र लांबलचक नको. ‘अमुक तारखेला साडेचारच्या सुमारास मला केबिनमध्ये बोलावून, मोबाइल बाहेर ठेवायला लावून, आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर नोकरीवरून काढण्याची धमकी देऊन माझी सही घेण्यात आली. हा राजीनामा मी स्वेच्छेने दिलेला नाही. तो मला मान्य नाही. मी कामावर रुजू व्हायला तयार आहे, मला कामावर घ्यावं आणि तोवरचा पगार द्यावा.’ एवढं पुरे. शिव्याशाप नकोत, कोणाच्या स्वभावाविषयी काही नको. पोस्टाची पावती आणि पोच झाल्याची ट्रॅकिंगची छापील प्रत एकाच फाइलमध्ये ठेवा.

घाई अशासाठी, की राजीनामा जबरदस्तीने घेतला असं म्हणणाऱ्यालाच ते सिद्ध करावं लागतं. आणि अशा खटल्यात न्यायाधीश सर्वांत आधी बघतात की सही झाल्यानंतर हा माणूस कसा वागला. दोन-चार दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत लेखी तक्रार केली असेल तर त्याच्या बोलण्याला वजन येतं. सहा महिने गप्प राहून, हिशेब घेऊन, मग वकिलाच्या नोटिशीत पहिल्यांदा ‘जबरदस्ती’ हा शब्द आला, तर तो नंतर सुचला असं समोरचा वकील म्हणणार, आणि बहुतेक वेळा ते पटतं. 19 दिवस गेलेत. उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही.

सही तुमची आहे हे कुठेही नाकारू नका. प्रश्न ती मनाने केली का, एवढाच आहे. आणि या बाबतीत तुमच्याकडे दोन चांगल्या गोष्टी आहेत, ज्यांचा तुम्ही पत्रात जाता जाता उल्लेख केलाय.

पहिली म्हणजे त्या मेलची वेळ. साडेचारला बोलावलं आणि 4 वाजून 52 मिनिटांनी राजीनामा मंजूर. जवळजवळ दहा वर्षं नोकरी केलेली बाई 22 मिनिटांत राजीनाम्याचा निर्णय घेते, इंग्रजीत पत्र टाइप करते, ते वरच्यांकडे जातं, मंजूर होतं, आणि मंजुरीचं पत्र तयार होऊन मेलही निघतो? नोटीस पीरियडबद्दल एक शब्द नाही, हातातलं काम कोणाकडे सोपवायचं त्याची विचारणा नाही. एचआरचा अधिकारी साक्षीला उभा राहिला की त्याला उलटतपासणीत साधे प्रश्न विचारले जातील. राजीनामा कोणी टाइप केला? कुठल्या संगणकावर? ती फाइल किती वाजता उघडली? मंजुरी कोणी दिली आणि त्या 22 मिनिटांत तो कुठे होता? अशा प्रश्नांना कागद बघून उत्तरं द्यावी लागतात.

दुसरी गोष्ट बसमधून केलेला मेसेज. तो त्याच संध्याकाळचा आहे, तेव्हा केस वगैरे कोणाच्या डोक्यात नव्हती, म्हणून त्याचं मोल मोठं. तो मेसेज पुसू नका, तुमचा आणि यजमानांचा, दोघांचेही फोन सध्या बदलू नका, रीसेट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते तुमचे वकील तयार करतील, पण मूळ फोन हातात हवा.

आता कमकुवत बाजूही सांगते. कंपनी म्हणेल, ‘आम्ही फक्त दोन पर्याय ठेवले होते. चौकशीला सामोरं जायचं की राजीनामा द्यायचा. बाईंनी राजीनामा निवडला.’ हा बचाव न्यायालयात कधी कधी चालतो. कामगारावर खरोखर आरोपपत्र होतं, चौकशी सुरू होती आणि ती टाळायला त्याने राजीनामा दिला, अशा प्रकरणांत तो स्वेच्छेचा धरला गेला आहे. तुमच्याबाबतीत आधी मेमो होता का? वॉर्निंग लेटर? नसेल तर तसं स्पष्ट लिहा. गेल्या काही वर्षांची अप्रेझलची आणि पगारवाढीची पत्रं शोधून काढा. एप्रिलमध्ये वाढ देणाऱ्या कंपनीला काही महिन्यांनी हलगर्जीपणा दिसला, हे तिला पटवून द्यावं लागेल.

राजीनामा मागे घेणं ही वेगळी वाट आहे, लोक दोन्हींत गल्लत करतात. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो. यावरचा गाजलेला निकाल एका न्यायाधीशाच्याच राजीनाम्याचा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी 1 ऑगस्ट 1977 पासून राजीनामा देत असल्याचं राष्ट्रपतींना कळवलं आणि जुलैमध्येच तो मागे घेतला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मागे घेणं वैध ठरवलं. तुमचा राजीनामा मात्र ‘तात्काळ’ होता आणि लगेच मंजूरही झाला, त्यामुळे ‘मागे घेते’ एवढंच लिहून भागणार नाही. ‘तो मुळात माझा नव्हताच’ हे तुमचं म्हणणं हवं. म्हणून वरचा मसुदा तसा लिहिलाय.

कंपनीला तुमचा राजीनामाच का हवा होता, हे समजून घ्या, कारण पुढे तडजोडीला बसाल तेव्हा हेच उपयोगी पडेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. काम कमी झालं म्हणून वर्षभराहून जास्त नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. शिवाय पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे काम गेलेल्या कामगारांना नवं कौशल्य शिकता यावं यासाठीच्या निधीत, त्याच्यासाठी 15 दिवसांचा पगार भरावा लागतो. 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तर आधी सरकारची परवानगी लागते. त्यातही, त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला त्याला आधी कमी करायचं, वेगळं करायचं असेल तर कारण नोंदवायचं, असा नियम आहे. तुमच्या नंतर क्वालिटीत लागलेले लोक अजून कामावर असतील तर त्यांची नावं आणि रुजू झाल्याची साधारण वर्षं आजच लिहून ठेवा. हलगर्जीपणासाठी काढायचं असतं तर आरोपपत्र, चौकशी, तुम्हाला साक्षीदार तपासायची संधी, हे सगळं करावं लागलं असतं. तुमच्या एका सहीने कंपनीचा हा सगळा खर्च आणि खटाटोप वाचला. केबिनमध्ये मोबाइल बाहेर का ठेवायला लावतात, त्याचं कारण हेच आहे. अशा तऱ्हेने माणसांना घरी पाठवणं मला अत्यंत चीड आणणारं वाटतं.

‘मॅनेजर असल्यामुळे जाता येत नाही’ या शंकेचं उत्तर पदनामात नाही. कायदा तुम्ही दिवसभर प्रत्यक्ष काय करत होतात ते विचारतो. 1985 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका औषध कंपनीतल्या माणसाचा खटला आला होता. स्टेनो-कम-अकाउंटंट म्हणून लागलेला, पुढे अधिकाऱ्यांच्या श्रेणीत टाकलेला. न्यायालयाने त्याची मुख्य कामं तपासली. थोडीफार देखरेख असली तरी मुख्य काम कारकुनी आहे, म्हणून तो कामगारच, असा निकाल दिला. तुम्ही व्हर्निअर आणि गेज घेऊन माप तपासत होतात, इन्स्पेक्शन रिपोर्ट भरत होतात, नमुन्यात न बसणारा माल बाजूला काढत होतात, तर ते तांत्रिक काम झालं आणि तांत्रिक कामगाराला पगाराची मर्यादा नाही. पण तुमच्या हाताखाली माणसं होती, त्यांची रजा तुम्ही मंजूर करत होतात, हजेरीवर सही करत होतात, तर कंपनी तुम्हाला सुपरवायझर म्हणेल, आणि देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिना 18,000 च्या वर असला की तो नव्या संहितेत कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही. तेव्हा एका वहीत नोकरीतला एक साधा दिवस सकाळपासून पंचिंग करून बाहेर पडेपर्यंत उतरवून काढा. किती वेळ मापात, किती कागदात, किती माणसांना सूचना देण्यात गेला. तुमच्या सहीचे रिपोर्ट, शिफ्टचे मेसेज, जे घरी असेल ते सोबत ठेवा. कामगार असल्याचं सिद्ध करायची जबाबदारीही तुमच्यावरच येते.

समजा, तुम्ही कामगार नाही असं ठरलं. मग दिवाणी न्यायालय उरतं. तिथे खासगी कंपनीला ‘हिला परत कामावर घ्या’ असा हुकूम सहसा मिळत नाही, कारण व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. नुकसानभरपाई मिळते, आणि तीही बऱ्याचदा नोटीस पीरियडच्या पगाराभोवतीच राहते. म्हणून ‘कामगार की नाही’ या मुद्द्यावर कंपन्या जीव तोडून भांडतात.

रस्ता साधारण असा आहे. पहिल्यांदा कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो जायला हवा, पण तुम्ही याच महिन्यात करा. समेट अधिकारी निकाल देत नाही, दोघांना समोरासमोर बसवून मिटतंय का बघतो. तिथे वकील चालत नाही. युनियनचा पदाधिकारी सोबत नेता येतो. साधारण 45 दिवसांत त्याने अहवाल द्यायचा असतो. मिटलं नाही तर अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. नवी न्यायाधिकरणं उभी राहीपर्यंत जुनी कामगार न्यायालयंच हे काम पाहतात. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे कायद्याने मना केलेल्या मालकाच्या वागणुकीची, तक्रार करण्याचीही वाट आहे, तिची मुदत मात्र घटनेपासून फक्त 90 दिवस. एकाच वादासाठी दोन्हीकडे जाता येत नाही, तेव्हा कुठून जायचं हे कामगार कायद्यातल्या वकिलाबरोबर ठरवा आणि त्या 90 दिवसांच्या आत ठरवा. घराचे, जमिनीचे दावे चालवणारा ओळखीचा वकील यासाठी घेऊ नका.

न्यायालयात तुमचा दावा, कंपनीची कैफियत, मग मुद्दे, तुमचं सरतपासाचं शपथपत्र (शपथेवर लिहून दिलेली तुमची साक्ष), उलटतपासणी, मग कंपनीचे साक्षीदार, शेवटी युक्तिवाद आणि निवाडा, असा क्रम असतो. उलटतपासणीत तुम्हाला दोन-तीन तास तेच तेच विचारतील. ‘तुम्हाला इंग्रजी वाचता येतं ना? मग वाचून सही केली ना?’ खरं ते सांगा. वाचता येतं, वाचलंही, आणि भीतीने सही केली. हे उत्तर लपवाछपवीपेक्षा कितीतरी भक्कम असतं. अजून नोकरीत असलेल्या मैत्रिणींच्या साक्षीवर भिस्त ठेवू नका. त्यांनाही घर चालवायचंय.

यजमानांची काळजी खरी आहे. केस काही महिन्यांत संपत नाही, वर्षं जातात, आणि जिंकलात तरी कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकते. तेवढ्यासाठी कायद्यात एक सोय आहे. कामावर परत घेण्याचा निवाडा झाला आणि कंपनीने त्याला वर आव्हान दिलं, तर तो खटला चालू असेपर्यंत शेवटचा पगार दरमहा मागता येतो. अट एकच, तुम्ही दुसरीकडे कमावत नसल्याचं शपथपत्र द्यावं लागतं.

दुसरी नोकरी लागली तर घ्या. घर थांबवून ठेवू नका. नोकरी लागली म्हणून केस संपत नाही, मागच्या पगाराची, म्हणजे काढल्यापासून निकालापर्यंतच्या पगाराची, रक्कम मात्र त्या प्रमाणात कमी होते. 2013 साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलं असेल तर मागच्या पगारासह कामावर परत घेणं हा सर्वसाधारण नियम. मधल्या काळात आपण कमावत नव्हतो असं कर्मचाऱ्याने शपथेवर सांगायचं, मग तो कमावत होता हे दाखवणं मालकाचं काम. म्हणून या काळात काही कमावलं, शिकवण्या घेतल्या, तरी ते लपवू नका. लपवलेलं बाहेर आलं की तुमच्या बाकीच्या साक्षीवरचा विश्वासही जातो. आणि हेही सांगते, की अलीकडे बऱ्याच प्रकरणांत, विशेषतः चूक प्रक्रियेतली असेल तेव्हा, न्यायालयं कामावर परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देतात. त्या केबिनमध्ये परत जायचंच, ही जिद्द मनात असेल तर ही शक्यता आधीच डोळ्यांसमोर ठेवा.

राहिला चेक. ‘येणं बाकी नाही’ या कागदावर सही करू नका. तुमचा पगार, रजेचे पैसे ही तुमचीच मिळकत आहे. नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा, असं वेतन संहिता सांगते, आणि ती मुदत केव्हाच उलटली. आजच्या मेलमध्ये शेवटी ही मागणीही घाला. ग्रॅच्युइटी वेगळी, ती 30 दिवसांत द्यायची असते. 26,000 ला 26 ने भागून 15 ने गुणलं की एका वर्षाचे 15,000 होतात. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 10 वर्षं, 1,50,000 रुपये. कंपनीने पैसे थेट बँकेत भरले तर परत पाठवायची गरज नाही. त्याच दिवशी मेल करा, ‘रक्कम हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे. राजीनाम्याबद्दलची माझी तक्रार कायम आहे.’

समेट अधिकाऱ्यापुढे कंपनी आकडा टाकेल, तेव्हा ग्रॅच्युइटी आणि थकलेला पगार त्यात मोजू देऊ नका. ते तर मिळणारच आहे. बोलणी त्याच्या वरच्या रकमेची. नोटिशीचा महिना, कामगार कपातीची 10 वर्षांची भरपाई, आणि केस चालली असती तर जो मागचा पगार कंपनीच्या डोक्यावर चढला असता त्यातला काही भाग. खालची रेघ घरी, यजमानांसोबत बसून ठरवा आणि लिहून न्या. तडजोड झाली तर रक्कम, तारीख, अनुभवाच्या दाखल्याची भाषा, हे सगळं कराराच्याच कागदात यायला हवं. ‘दाखला नंतर देतो’ म्हणाले तर दाखला हातात येईपर्यंत सही करू नका.